उन्हाचा हिशेब मांडणारा संशोधक

कैरो शहराच्या दक्षिणेला, नाईल नदीच्या काठी, माआदी नावाचे उपनगर आहे. आज तेथे दाट झाडीतले बंगले आणि परदेशी नागरिकांची वस्ती दिसते. १९१३ च्या जुलै महिन्यात मात्र याच गावालगतच्या मोकळ्या जमिनीवर एक विलक्षण यंत्र सुरू झाले. साठ मीटरहून अधिक लांबीच्या पाच प्रचंड पन्हळी उत्तर-दक्षिण मांडलेल्या होत्या. आतून आरसे बसवलेल्या या पन्हळी सूर्याबरोबर पूर्वेकडून पश्चिमेकडे हळूहळू कलत. त्यांच्या मध्यभागी टांगलेल्या काळ्या नळांत पाणी उकळे, त्याची वाफ इंजिनाला मिळे आणि इंजिनावर चालणारा पंप नाईलचे पाणी शेताकडे ढकलत असे. कोळशाचा ढीग नव्हता, भट्टी नव्हती आणि धूरही नव्हता. हे यंत्र उभारणारे गृहस्थ होते अमेरिकन संशोधक फ्रँक शुमन.

सूर्याच्या उष्णतेवर यंत्र चालवणारे शुमन हे पहिले नव्हेत. त्यांचे वेगळेपण होते ते उन्हाचा हिशेब व्यापाऱ्याच्या वहीसारखा मांडण्यात. एका एकरात किती ऊन पडते, त्यातले किती पाण्यात उतरते, वाफेपासून किती शक्ती मिळते, ती कोळशाच्या शक्तीच्या तुलनेत कितीला पडते आणि सूर्य मावळल्यावर काय करायचे, हे प्रश्न त्यांनी एकत्र विचारले. आज उष्णता साठवून रात्री वीज देणारी सौर औष्णिक केंद्रे उभारण्यापूर्वी अभियंते संगणकावर जे गणित करतात, ते मुळात याच प्रश्नांचे गणित आहे.

फ्रँक शुमन यांचा जन्म २३ जानेवारी १८६२ रोजी न्यूयॉर्कजवळच्या ब्रुकलीन येथे झाला. विद्यापीठीय शिक्षणाची शिदोरी त्यांच्यापाशी नव्हती. जे काही रसायनशास्त्र आणि यंत्रशास्त्र त्यांना अवगत होते, ते बहुतांशी स्वतःच्या वाचनातून आणि कारखान्यातल्या कामातून आलेले होते. तरुण वयात त्यांनी वेस्ट व्हर्जिनियातील रंगांच्या एका कारखान्यात रसायनतज्ज्ञ म्हणून नोकरी केली. पुढे १८९१ च्या सुमारास ते फिलाडेल्फियाजवळच्या टॅकोनी या औद्योगिक वस्तीत आले. तेथे त्यांच्या काकांचा लोखंड व धातुकामाचा कारखाना होता. फिलाडेल्फियाच्या नगर सभागृहावर विल्यम पेन यांचा जो भव्य पुतळा उभा आहे, त्याचे काम याच कारखान्यात झाले आणि त्यावरील धातूचा मुलामा देण्याच्या कामात शुमन यांचाही हात होता.

त्यांना पैसा आणि कीर्ती मिळवून दिली ती काचेने. काच ओतत असतानाच तिच्यात तारेची जाळी बसवण्याची पद्धत त्यांनी शोधली आणि १८९२ मध्ये तिचे पेटंट मिळवले. अशी काच आगीत तडकली तरी तिचे तुकडे खाली कोसळत नाहीत. कारखान्यांची छपरे, रेल्वे स्थानके, जिने अशा ठिकाणी ती सर्रास वापरली जाऊ लागली. पुढे काचेच्या दोन थरांमध्ये पारदर्शक पापुद्रा चिकटवून केलेली सुरक्षा काच आणि इमारतींच्या पायासाठी लागणारे काँक्रीटचे खांब यांवरही त्यांनी काम केले. पेटंटमधून येणाऱ्या उत्पन्नामुळे त्यांना स्वतःच्या आवडीच्या विषयावर वर्षानुवर्षे खर्च करणे शक्य झाले. तो विषय होता सूर्य.

त्या काळापर्यंत सूर्ययंत्रांचा बराच इतिहास घडून गेला होता. फ्रान्समध्ये ऑग्युस्तँ मुशो यांनी शंकूच्या आकाराचा मोठा आरसा वापरून वाफेचे इंजिन चालवले होते आणि १८७८ च्या पॅरिस प्रदर्शनात लोकांना थक्क केले होते. त्याच दशकात आपल्या मुंबईतही एक लक्षणीय प्रयोग झाला. मुंबईत सरकारी नोकरीत असलेले विल्यम अ‍ॅडम्स या इंग्रज गृहस्थांनी कुलाब्यात लहान लहान सपाट आरसे अर्धवर्तुळात मांडून त्यांचे किरण एका बॉयलरवर टाकले आणि त्या वाफेवर अडीच अश्वशक्तीचे इंजिन चालवून दाखवले. उष्ण प्रदेशात कोळशाऐवजी सूर्याची उष्णता वापरता येईल, असे प्रतिपादन करणारे त्यांचे पुस्तक १८७८ मध्ये मुंबईतूनच प्रसिद्ध झाले. अनेक आरशांचे किरण उंच मनोऱ्यावर एकवटणाऱ्या आजच्या सौर केंद्रांचे बीज त्या कुलाब्याच्या अंगणात होते. अमेरिकेत ऑब्री ईनीस यांनी विसाव्या शतकाच्या प्रारंभी कॅलिफोर्नियात एक भव्य शंकूयंत्र उभारले होते. परंतु वाऱ्यावादळात अशी अवजड यंत्रे टिकाव धरीत नसत.

शुमन यांनी या अपयशांचे कारण नेमके ओळखले. मोठे आरसे वापरून अतिशय जास्त तापमान गाठायचे, तर यंत्र महाग होते, नाजूक होते आणि तापलेल्या बॉयलरमधून उष्णताही झपाट्याने निसटते. मग तापमान कमी ठेवून, साध्या व स्वस्त साहित्याने मोठे क्षेत्र व्यापले तर? काच प्रकाशाला आत येऊ देते, पण आतल्या तापलेल्या वस्तूची उष्णता सहजी बाहेर जाऊ देत नाही, हा गुणधर्म काचेच्या या कारागिराला पुरता ठाऊक होता. १८९७ मध्ये त्यांनी काचेने झाकलेल्या लहान पेट्यांत काळे नळ बसवले. त्या नळांत पाण्याऐवजी, फार कमी तापमानाला उकळणारा ईथर हा द्रव भरला. त्याच्या वाफेवर एक खेळण्यातले इंजिन चालू लागले. घराजवळच्या तळ्याकाठी हे चिमुकले यंत्र उन्हाच्या दिवशी दोन वर्षांहून अधिक काळ चालत राहिले.

१९०७ मध्ये त्यांनी याच कल्पनेचा मोठा अवतार टॅकोनीत उभारला. अठरा फूट रुंद आणि साठ फूट लांब अशा काचेच्या पेटीतून सुमारे साडेतीन अश्वशक्ती मिळाली. शक्ती फार नव्हती, परंतु पुढचा हिशेब करण्यासाठी आवश्यक असलेले आकडे तिच्यातून हाती आले. १९०८ मध्ये त्यांनी सन पॉवर कंपनी स्थापन केली.

याच सुमारास त्यांच्या आराखड्यांत साठवणुकीची कल्पना प्रकर्षाने दिसू लागते. सूर्यशक्तीला विरोध करणाऱ्या कोणाच्याही हाती एक बिनतोड मुद्दा असे : ढग आला की यंत्र थांबते आणि रात्री तर ते झोपलेलेच असते. कारखानदाराला किंवा गिरणीमालकाला अशी शक्ती काय कामाची? शुमन यांचे उत्तर साधे होते. जमिनीवर काचेखाली पसरलेल्या पाण्याच्या उथळ थरात दिवसा ऊन गोळा करायचे आणि ते गरम पाणी उष्णतारोधक आवरण घातलेल्या मोठ्या टाकीत भरून ठेवायचे. टाकीतले पाणी जेथे हवेचा दाब कमी केलेला आहे अशा कक्षात सोडले, की त्यातला थोडा भाग आपोआप वाफ होतो. त्या वाफेवर कमी दाबाचे इंजिन रात्रीही चालावे, अशी ही योजना होती.

या योजनेतला एक बारकावा आजही तितकाच महत्त्वाचा आहे. टाकीची लांबी, रुंदी व उंची दुप्पट केली, तर तिच्यातले पाणी आठपट होते. पण ज्या पृष्ठभागातून उष्णता निसटते, तो केवळ चौपट वाढतो. म्हणजे टाकी जितकी मोठी, तितकी साठवण तुलनेने स्वस्त आणि तोटा तुलनेने कमी. विजेच्या बॅटरीच्या बाबतीत असा लाभ मिळत नाही; दुप्पट वीज साठवायची तर जवळपास दुप्पट बॅटऱ्या लागतात. उष्णतेच्या साठवणुकीचे अर्थशास्त्र प्रथमपासूनच भव्यतेच्या बाजूने आहे आणि शुमन यांचे आराखडेही सतत अधिकाधिक मोठे होत गेले, त्यामागे हेच कारण होते.

कमी दाबाच्या वाफेवर चालणारे इंजिन बाजारात तयार मिळत नव्हते. ते शुमन यांनी एका जोडीदाराच्या मदतीने घडवून घेतले. १९११ मध्ये टॅकोनीत त्यांचे नवे यंत्र उभे राहिले. आता ईथरऐवजी पाणी होते आणि काचेच्या पेट्यांच्या दोन्ही बाजूंना साधे आरसे बसवून त्यांच्यावर पडणारे ऊन सुमारे दुप्पट केले होते. पेट्यांच्या सव्वीस रांगा आणि ऊन गोळा करणारे दहा हजार चौरस फुटांहून अधिक क्षेत्र, असा तो पसारा होता. अनुकूल परिस्थितीत मिनिटाला तीन हजार गॅलन पाणी तेहेतीस फूट उंचीवर चढवण्याइतकी शक्ती त्यातून मिळाली.

पेनसिल्व्हेनियाचे ढगाळ हवामान ही या यंत्राची कर्मभूमी नव्हे, हे शुमन जाणून होते. जेथे ऊन प्रखर आहे, कोळसा दूरदेशाहून आणावा लागतो आणि पाण्याची गरज मोठी आहे, असा प्रदेश त्यांना हवा होता. इजिप्तमध्ये या तिन्ही गोष्टी होत्या. नाईलच्या काठी कापसाची शेती विस्तारत होती आणि पंपांसाठी लागणारा कोळसा ब्रिटनहून जहाजाने येत असल्यामुळे अतिशय महाग पडत असे. शिवाय सिंचनाच्या बाबतीत सूर्यशक्तीचा सर्वांत मोठा दोष जवळपास नाहीसा होतो. ऊन जितके कडक, तितकी पिकाला पाण्याची गरज अधिक. आणि दिवसा उपसलेले पाणी कालव्यात वा तळ्यात साठवले, की उष्णता साठवण्याची निकड उरत नाही. साठवणुकीचा खर्च टाळण्याचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे मागणीच उन्हाच्या वेळेशी जुळणारी निवडणे.

भांडवलासाठी शुमन लंडनला गेले. तेथे १९११ मध्ये पूर्व गोलार्धासाठी स्वतंत्र कंपनी स्थापन झाली. परंतु ब्रिटिश गुंतवणूकदार संशोधकाच्या शब्दावर पैसे ओतायला तयार नव्हते. ए. एस. ई. अ‍ॅकरमन या अभियंत्याकडे यंत्राची तपासणी सोपवण्यात आली आणि ख्यातनाम भौतिकशास्त्रज्ञ चार्ल्स व्हर्नन बॉईज यांना आराखडा दाखवण्यात आला. बॉईज यांनी मूलगामी बदल सुचवला. सपाट पेट्या आणि बाजूचे आरसे यांऐवजी अन्वस्ताच्या, म्हणजे पॅराबोलाच्या आकाराची लांब पन्हळ वापरावी आणि तिच्या नाभिरेषेवर बॉयलरचा नळ ठेवावा, म्हणजे तो दोन्ही बाजूंनी तापेल. आयुष्यभर स्वतःच्या कल्पनांवर जगलेल्या संशोधकाला अशी दुरुस्ती रुचणे सोपे नसते. शुमन यांनी ती स्वीकारली आणि पुढे या रचनेच्या पेटंटवर दोघांचीही नावे आली.

माआदीतील काम १९१२ मध्ये सुरू झाले आणि पहिल्याच टप्प्यात मोठा फटका बसला. खर्च वाचवण्यासाठी बॉयलर जस्ताचे केले होते. इजिप्तच्या उन्हात, आरशांच्या नाभीवर, ते मऊ पडून लोंबू लागले. ते सारे काढून ओतीव लोखंडाचे नवे बॉयलर बसवावे लागले आणि त्यात बराच काळ गेला. यंत्र किती तापेल याचा अंदाज चुकला होता. आरसे अपेक्षेपेक्षा अधिक चांगले काम करीत होते. उन्हाच्या हिशेबात कमी धरणे जितके महागात पडते, तितकेच जास्त धरणेही, हा धडा त्यातून मिळाला.

अखेर जुलै १९१३ मध्ये यंत्र जाहीरपणे सुरू झाले. पाच पन्हळी, प्रत्येकीची लांबी सुमारे ६२ मीटर आणि रुंदी ४ मीटर. ऊन गोळा करणारे एकूण क्षेत्र १,२०० चौरस मीटरहून थोडे अधिक. एकीची सावली दुसरीवर पडू नये म्हणून पन्हळींमध्ये मोकळी जागा सोडलेली होती. तरीही या सर्व पसाऱ्याला एक एकराहून कमी जमीन पुरली.

यानंतर अ‍ॅकरमन यांनी जे केले, त्यामुळे माआदीच्या प्रयोगाला कायमचे मोल आले. किती वाफ निर्माण होते हे त्यांनी तासागणिक मोजले. सर्वोत्तम तासात सुमारे ६५० किलो वाफ मिळाली. तिच्यापासून मिळू शकणारी शक्ती सुमारे ५५ अश्वशक्ती, म्हणजे आजच्या भाषेत जेमतेम ४१ किलोवॅट ठरली. पन्हळींवर पडलेल्या उन्हापैकी जास्तीत जास्त चाळीस टक्के उष्णता वाफेत उतरत होती. त्या उष्णतेचा साधारण दहावा हिस्सा यांत्रिक शक्तीत बदलणार, म्हणजे शंभर भाग उन्हातून चार भाग काम. हा आकडा आज तुटपुंजा वाटेल, पण तोवर सूर्ययंत्रातून कोणाला मिळाली नव्हती इतकी ही शक्ती होती. पन्हळी सूर्याबरोबर फिरत असल्यामुळे सकाळ-संध्याकाळीही उत्पादन फारसे घसरत नव्हते, हे तर गुंतवणूकदारांच्या दृष्टीने अधिकच आशादायक होते. दुपारी बाराला मिळणाऱ्या कमाल शक्तीपेक्षा दिवसभर मिळणाऱ्या सरासरीला मोल अधिक असते, हे अ‍ॅकरमन यांच्या तासवार नोंदींनी प्रथम स्पष्टपणे दाखवून दिले.

यशाची वार्ता पसरायला वेळ लागला नाही. इजिप्तमधील ब्रिटिश सत्तेचे प्रमुख होते लॉर्ड किचनर, ज्यांना भारतातील लोक सेनापती म्हणून आधीपासून ओळखत होते. त्यांनी शुमन यांना सुदानमध्ये कापसाच्या लागवडीसाठी तीस हजार एकर जमीन देऊ केली. जर्मनीनेही मागे राहायचे नाही असे ठरवले. शुमन यांना जर्मन संसदेपुढे आपली योजना मांडण्याची संधी मिळाली आणि आफ्रिकेतील जर्मन वसाहतीत सूर्ययंत्र उभारण्यासाठी दोन लाख डॉलर मंजूर झाले. या औदार्यामागे साम्राज्यांचे हिशेब होते, हे विसरता येत नाही. वसाहतींमधून स्वस्त कापूस हवा होता आणि त्यासाठी स्वस्त पाणी. ज्या शेतकऱ्यांच्या जमिनीवर हे पाणी जाणार होते, त्यांचे मत कोणी विचारल्याचे दिसत नाही.

आता शुमन यांचे मन सहारा वाळवंटाकडे वळले. त्यांनी असा हिशेब मांडला, की सहारात २०,२५० चौरस मैल क्षेत्रावर अशी यंत्रे उभारली, तर २७ कोटी अश्वशक्ती अखंड मिळेल आणि ती त्या वेळी जगभरात जळणाऱ्या साऱ्या इंधनाच्या तोडीची असेल. हे क्षेत्र महाराष्ट्राच्या सुमारे एक षष्ठांश भरते. वरकरणी हा स्वप्नाळू माणसाचा आकडा वाटतो. पण भागाकार करून पाहिला, तर एकरी सुमारे २१ अश्वशक्ती येते. माआदीत उन्हाच्या वेळी एकरी सुमारे ६३ अश्वशक्ती मिळत होती. म्हणजे शुमन यांच्या आकड्यात माआदीच्या आकड्याचा जवळपास बरोबर तिसरा हिस्सा आहे. दिवसाच्या चोवीस तासांपैकी आठ तासच पुरेसे ऊन मिळेल आणि ते चोवीस तासांवर पसरावे लागेल, असे धरले तर हेच उत्तर येते. स्वप्न मोठे होते, पण त्याचा पाया मोजलेल्या वाफेवर होता आणि ऊन पसरवण्याची, म्हणजेच साठवणुकीची अट त्यात दडलेली होती.

१९१४ च्या ऑगस्टमध्ये पहिले महायुद्ध पेटले आणि सारे चित्र पालटले. माआदीतील तंत्रज्ञ आपापल्या देशी युद्धकार्यासाठी परतले. ज्या ब्रिटन आणि जर्मनीने शुमन यांच्यासाठी थैल्या सैल केल्या होत्या, ते देश आता एकमेकांच्या जिवावर उठले होते. माआदीचे यंत्र मोडण्यात आले आणि त्याच्या लोखंडाची विल्हेवाट लागली. शुमन अमेरिकेला परतले. युद्ध संपेल आणि काम पुन्हा सुरू होईल, ही आशा फळाला आली नाही. २८ एप्रिल १९१८ रोजी, युद्धविरामाच्या सहा-सात महिने आधी, टॅकोनी येथे हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. त्यांचे वय छप्पन्न होते.

सारा दोष युद्धाच्या माथी मारून चालणार नाही. १९१४ च्या उन्हाळ्यात ब्रिटिश सरकारने इराणमधील तेल काढणाऱ्या अँग्लो-पर्शियन कंपनीत बहुसंख्य भाग विकत घेतले होते. नौदल कोळशावरून तेलाकडे वळत होते. युद्धानंतर मध्यपूर्वेतून स्वस्त तेलाचा ओघ सुरू झाला. तेल पिंपात भरता येते, जहाजातून नेता येते आणि मध्यरात्रीही जाळता येते. निसर्गाने कोट्यवधी वर्षांपूर्वीच साठवून ठेवलेल्या उन्हापुढे शुमन यांच्या गरम पाण्याच्या टाकीचा निभाव लागणे कठीण होते. सहा दशके त्यांचे नाव विस्मृतीत गेले.

१९७३ च्या तेलसंकटाने जगाला पुन्हा सूर्याची आठवण झाली. १९८४ ते १९९० या काळात कॅलिफोर्नियाच्या मोहावी वाळवंटात पन्हळ-आरशांची नऊ वीजकेंद्रे उभी राहिली. त्यांची एकत्रित क्षमता ३५४ मेगावॅट होती आणि रचना मूलतः माआदीचीच होती. त्यांतल्या पहिल्या केंद्रात तापलेले तेल टाकीत साठवून सूर्यास्तानंतर सुमारे तीन तास वीज देण्याची सोय होती. मात्र तेल ज्वालाग्राही असते. १९९९ मध्ये ती टाकी आगीत नष्ट झाली. साठवणुकीसाठी न जळणारा पदार्थ हवा होता. तो मिळाला सोडियम नायट्रेट आणि पोटॅशियम नायट्रेट या क्षारांच्या मिश्रणात. खतांमध्ये वापरले जाणारे हे क्षार तापवून वितळवले की पाण्यासारखे वाहतात आणि हवेच्या साध्या दाबाखाली टाकीत ठेवता येतात.

स्पेनमधील अँदासोल केंद्र २००८ च्या अखेरीस सुरू झाले, तेव्हा त्यात अशा २८,५०० टन क्षाराच्या दोन टाक्यांची योजना होती. एक टाकी थंड, म्हणजे सुमारे २९० अंश सेल्सियसची आणि दुसरी गरम, सुमारे ३९० अंशांची. दिवसा थंड टाकीतला क्षार तापवून गरम टाकीत भरायचा आणि रात्री उलट दिशेने नेत त्याच्या उष्णतेवर वाफ करायची. ५० मेगावॅटचे हे केंद्र साठवलेल्या उष्णतेवर साडेसात तास चालू शकते. हिशेब करता एक टन क्षारामागे सुमारे तेरा युनिट वीज मिळते. शुमन यांच्या टाकीतले एक टन उकळते पाणी वीस अंशांनी थंड होईपर्यंत वापरले, तर त्यातून दोन-सव्वादोन युनिटांइतकेच काम मिळाले असते. दोहोंमधला फरक तापमानाचा आहे. कल्पना मात्र तीच आहे. २०११ मध्ये स्पेनमधीलच हेमासोलार या मनोऱ्याच्या केंद्राने पंधरा तासांच्या साठवणुकीच्या बळावर सलग चोवीस तास वीज देऊन दाखवली आणि शुमन यांची रात्रपाळी प्रत्यक्षात आली.

अशा केंद्राचा आराखडा कागदावर उतरण्यापूर्वी आता त्याचे गणिती प्रारूप तयार केले जाते. वर्षाचे ८,७६० तास एकेक करून संगणकावर चालवले जातात. प्रत्येक तासाला थेट ऊन किती, कारण ढगांतून विखुरलेला प्रकाश आरशांना एकवटता येत नाही; किरण आरशावर किती तिरके पडतात; आरशांवर धूळ किती; नळांतून किती उष्णता निसटते; सकाळी थंड यंत्रणा तापायला किती वेळ जातो; टर्बाइन अर्ध्या भाराने चालवल्यास किती तोटा होतो; टाकीत त्या क्षणी किती उष्णता शिल्लक आहे आणि विजेची मागणी केव्हा आहे. या साऱ्यांचा ताळेबंद तासागणिक पुढे सरकतो. टाकीमुळे ऊन वाढत नाही. रात्रीसाठी साठवायचे तर टर्बाइनला लागतात त्याहून अधिक आरसे बसवावे लागतात. टाकी लहान ठेवली तर उन्हाळ्यातल्या दुपारची उष्णता वाया जाते आणि अवाढव्य केली तर हिवाळ्यात ती अर्धी रिकामी राहते. यांतला सुवर्णमध्य शोधणे हे प्रारूपाचे काम. प्रारूप चुकले, तर माआदीच्या जस्ताच्या बॉयलरसारखी किंमत मोजावी लागते, आणि आता ती किंमत शेकडो कोटींत असते.

इतिहासाने शुमन यांच्या तंत्रापुढे पुन्हा एकदा स्वस्त प्रतिस्पर्धी उभा केला आहे. गेल्या दीड दशकात प्रकाशापासून थेट वीज देणाऱ्या सोलर पॅनेलच्या किमती कोसळल्या, त्यापाठोपाठ बॅटऱ्याही स्वस्त झाल्या. त्यामुळे आरशांच्या औष्णिक केंद्रांची वाढ मंदावली. तरीही जेथे सूर्यास्तानंतरचे अनेक तास वीज हवी असते, तेथे तापलेल्या क्षाराची टाकी अजून स्पर्धेत आहे. दुबईच्या वाळवंटात २०२३ च्या डिसेंबरात उद्घाटन झालेल्या प्रकल्पात ६०० मेगावॅट पन्हळ-आरशांचे आणि १०० मेगावॅट मनोऱ्याचे आहेत. शेजारी सोलर पॅनेलही आहेत. दिवसा पॅनेल आणि रात्री साठवलेली उष्णता, अशी कामाची वाटणी तेथे केलेली आहे.

माआदीपासून नाईलच्या काठाने दक्षिणेकडे गेले, की कुरैमात येथे एक वीजकेंद्र लागते. २०११ मध्ये सुरू झालेल्या या केंद्रात नैसर्गिक वायूच्या जोडीला वीस मेगावॅटचा सौर भाग आहे. तेथील आरसे पन्हळीच्या आकाराचे आहेत, उत्तर-दक्षिण मांडलेले आहेत आणि सूर्याबरोबर पूर्वेकडून पश्चिमेकडे कलतात. शुमन यांच्या यंत्राचे लोखंड शतकापूर्वीच वितळून गेले. त्यांची मांडणी त्याच नदीकाठी, त्याच उन्हात, अजून काम करीत आहे.